दुष्काळनिधि आणि गांवची आरोग्यसेविका
(साहाय्यक मंडळाच्या वार्षिक सभेंत झालेलें व्याख्यान)



दुष्काळनिधीस वर्गणी देणारा गृहस्थ रक्कम मोजून देतांना मनांत एक चित्र धरून असतो. धान्याचीं पोतीं, गुरांसाठीं कडबा, पाण्याचे टँकर आणि खडी फोडणाऱ्या मजुराच्या हातीं पडणारी मजुरी, हें तें चित्र होय. तें खोटें नाहीं. भुकेल्याच्या पोटांत घास जावा हा दुष्काळनिवारणाचा पहिला धर्म आहे, आणि अशा निधीच्या जमाखर्चांत त्याचाच आंकडा सर्वांत मोठा असावा, हें योग्यच आहे. परंतु त्या जमाखर्चांतील एक रकाना बहुधा कोरा राहतो. खेड्यांतील किंवा आदिवासी पाड्यावरील एखाद्या बाईस आजार ओळखण्याचें आणि त्यावर पहिला उपचार करण्याचें शिक्षण द्यावयाचें, हा तो रकाना. त्याविषयीं चार शब्द बोलावे, एवढ्याचसाठीं मी आपणांपुढें उभा आहें.

दुष्काळांत माणूस केवळ उपासानें मरतो, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहासाची साक्ष निराळी आहे. १८७६ ते १८७८ आणि १८९९-१९०० या दोन मोठ्या दुष्काळांत मुंबई इलाख्यांतील जीं माणसें गेलीं, त्यांतील फार मोठा भाग कॉलरा, हगवण व ताप यांनीं नेला. १९४३ सालच्या बंगालच्या दुष्काळाची हकीकत तर अधिक विचार करण्याजोगी आहे. सरकारी चौकशी मंडळानें १९४५ सालीं मृतांचा अंदाज सुमारें १५ लक्ष केला होता. पुढील अभ्यासकांनीं तो ३० लक्षांच्या घरांत नेला. मृत्यूंची संख्या सर्वांत अधिक झाली ती १९४३ च्या डिसेंबर महिन्यांत, म्हणजे नवें भात शेतांतून घरीं येत असतां! अन्न आलें, परंतु मरण थांबलें नाहीं. पुढील सालींही हिंवताप, कॉलरा व देवी यांचा सपाटा चालूच राहिला. भुकेनें खंगलेल्या शरीरांत रोगाशीं झुंजण्याचें बळ उरत नाहीं. त्यांत पाणी गढूळ, छावणींत दाटी, आणि आई कामावर गेलेली. अशा वेळीं पहिला बळी जातो तो पाळण्यांतील मुलाचा.

१९७२ सालीं महाराष्ट्रावर जो दुष्काळ पडला, त्याची आठवण या सभेंतील वडीलधाऱ्या मंडळींस असेलच. लाल मिलो आणि सुकडी खाऊन तें वर्ष काढलेलीं माणसें अजून घरोघर आहेत. १९७३ च्या मे महिन्यांत सुमारें ५० लक्ष माणसें सरकारी दुष्काळी कामांवर होतीं. रस्ते, नालाबांध, पाझर तलाव यांवरील मजुरीनें जुन्या काळासारखा संहार टळला, आणि या अनुभवांतूनच पुढें १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा झाला. मजुरीची व धान्याची व्यवस्था नीट लाविली, तर उपासमारीचें मरण थोपवितां येतें, हें तेव्हां सिद्ध झालें. आतां प्रश्न उरतो तो दुसऱ्या मरणाचा. जें धान्याच्या पोत्यानें थांबत नाहीं त्याचा.

हें दुसरें मरण थांबविण्यास प्रत्येक उंबऱ्याशीं डॉक्टरच उभा पाहिजे काय? १९७१ सालीं पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या बनगांव येथील छावणींत कॉलऱ्याची सांथ पसरली. शिरेंतून द्यावयाचें सलाईन संपत आलें. तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांच्या पुड्या बांधविल्या, त्यांचें पाणी पिंपांत भरून ठेवलें, आणि तें पाजण्याचें काम रोग्यांच्या आईबापांवर व नातलगांवर सोंपविलें. पूर्वीं तेथें शेंकडा ३० च्या आसपास रोगी दगावत; या उपचाराखालीं तें प्रमाण शेंकडा ३.६ वर आलें. ज्या हातांनीं हें काम केलें, ते हात कोणत्याही वैद्यकशाळेंत शिकलेले नव्हते. त्यांस एक गोष्ट नीट दाखवून दिली होती, आणि ती करण्याची मोकळीक दिली होती.

हीच गोष्ट सांथ नसतांना, वर्षानुवर्षें, खेड्यांत करतां येईल काय, याचें उत्तर आपल्याच राज्यांत मिळालें आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हें दांपत्य वेल्लोर येथें वैद्यक शिकून आणि अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत सार्वजनिक आरोग्याचें शिक्षण घेऊन १९७० सालीं जामखेडास आलें. हा तालुका त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतला. अवर्षण त्याच्या पांचवीलाच पुजलेलें. गांवकऱ्यांनीं डॉक्टरांकडे प्रथम औषध मागितलें नाहीं. अन्न व पाणी मागितलें. म्हणून दवाखान्याच्या कामाबरोबरच विहिरी व लहान मुलांसाठीं सामुदायिक स्वयंपाक हीं कामें सुरू झालीं. दुष्काळनिवारण आणि आरोग्य हीं दोन खातीं वेगळीं नाहींत, हें तेथें पहिल्याच दोन वर्षांत कळून आलें.

आरोळे दांपत्यानें आरंभीं शिकलेल्या परिचारिका खेड्यांत ठेवून पाहिल्या. परगांवची मुलगी खेड्यांत टिकेना, आणि तिचें सांगणें गांवच्या बायकांच्या मनांत उतरेना. तेव्हां गांवानेंच आपल्यांतील एक बाई निवडावी, असें ठरलें. निवडलेल्यांपैकीं पुष्कळ जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. त्यांनीं दर आठवड्यास जामखेडास यावें, एकत्र राहावें, एकत्र जेवावें, त्या आठवड्यांत गांवीं काय घडलें तें सांगावें, आणि त्यावरूनच पुढचा धडा शिकावा, अशी पद्धति होती. गरोदर बाईची तपासणी, सुईणपणांतील स्वच्छता, मुलाचें वजन, हगवणीवर मीठ-साखरेचें पाणी, लस केव्हां टोंचावयाची, कुष्ठरोग व क्षय यांचीं लक्षणें, हे ते धडे. १९७१ च्या सुमारास त्या भागांत दर हजार जन्मांमागें १७६ बालकें वर्षाच्या आंत दगावत. शतक संपण्याच्या सुमारास ही संख्या तिसांच्या खालीं आली. जागतिक आरोग्य संघटनेनें १९७५ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथांत या कामाचें वर्णन आलें, आणि १९७९ सालीं त्या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें.

जामखेड हा उघड्या माळाचा व तुटपुंज्या पावसाचा मुलूख. राज्याच्या पूर्व टोंकास असलेल्या गडचिरोलीची स्थिति याहून अगदीं वेगळी. १९८२ सालीं चंद्रपुरापासून निराळा झालेला हा जिल्हा दाट जंगलाचा, गोंड व माडिया वस्तीचा. येथें पाऊस भरपूर, तरी भूक आहेच. घरचें धान्य सरलेलें असतें आणि नवें भात अजून शेतांत उभें असतें, ते पावसाळ्याचे महिने येथील टंचाईचे. नेमके तेच महिने तापाचे व हगवणीचे. आणि त्याच वेळीं नदीनाले भरून वाटा बंद होतात. पर्लकोटा नदीच्या पुरानें भामरागडचा रस्ता तुटल्याची बातमी आपण पावसाळ्यांत वाचतोंच. अशा ठिकाणीं तालुक्याच्या गांवचा उत्तम डॉक्टरही पाड्यावरील मुलास उपयोगी पडत नाहीं.

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनीं या जिल्ह्यांत १९८६ सालीं ‘सर्च’ ही संस्था स्थापिली. दवाखाना बांधण्यापूर्वीं त्यांनीं आदिवासींस विचारलें. मोठ्या इमारतीचें भय वाटतें असें उत्तर आलें. म्हणून पाड्यासारख्या झोंपड्यांचा दवाखाना उभारून त्यास दंतेश्वरी देवीचें नांव दिलें. त्या भागांत न्यूमोनियानें लहान मुलें फार मरत. मूल एका मिनिटांत किती वेळां श्वास घेतें, यावरून हा रोग ओळखतां येतो. दोन महिन्यांच्या आंतील मुलाचे श्वास मिनिटास ६० किंवा अधिक झाले, कीं धोका समजावा. परंतु निरक्षर सुईणीनें साठापर्यंत मोजावें कसें? त्यासाठीं वाळूचें एक मिनिटाचें घड्याळ व मण्यांच्या दोन ओळी असें साधें यंत्र केलें. दहा श्वास झाले कीं एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वीं शेवटचा तांबडा मणी सरकला, तर औषध सुरू करावयाचें. अशा रीतीनें काम झालेल्या गांवांत न्यूमोनियाचे बालमृत्यू इतर गांवांच्या निम्म्याहूनही कमी भरले. हा वृत्तांत १९९० सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला.

पुढचें काम याहून अवघड होतें. नवजात बालक, म्हणजे जन्मापासून २८ दिवसांपर्यंतचें मूल, आजारी पडलें तर त्यास मोठ्या रुग्णालयांतच न्यावें, असा वैद्यकाचा दंडक होता. गडचिरोलीच्या गांवांत पाहणी केली, तेव्हां निम्म्याहून अधिक नवजात बालकांस उपचाराची गरज आढळली, आणि शेंकडा तिघांसही तो मिळत नव्हता. तेव्हां ३९ गांवांतील, शाळेच्या कांहीं इयत्ता झालेल्या बायका निवडून त्यांस ‘आरोग्यदूत’ केलें. त्यांनीं बाळंतपणाच्या वेळीं हजर राहावें, न रडणाऱ्या मुलास श्वास द्यावा, मुलाचें वजन करावें, त्यास उबेंत ठेवावें, आईस दूध पाजण्यास शिकवावें, आणि अंगांत जंतुदोष पसरल्याचीं लक्षणें दिसल्यास ठराविक मात्रेंत औषध द्यावें व सुई टोंचावी, असें ठरलें. खेड्यांतल्या बाईच्या हातीं सुई द्यावी काय, हा आक्षेप लहान नव्हता, आणि तो आंकड्यांनींच मिटला. जंतुदोष झालेल्या मुलांत पूर्वीं शेंकडा १६.६ दगावत, आरोग्यदूतांच्या उपचारानंतर तें प्रमाण शेंकडा २.८ झालें. १९९३ ते १९९५ या काळांत या गांवांत दर हजार जन्मांमागें ६२ नवजात बालकें मरत. १९९७-९८ सालीं ही संख्या २५.५ झाली. त्याच सालीं तुलनेसाठीं घेतलेल्या ४७ गांवांत ती ५९.६ होती. एका नवजात बालकामागें आलेला खर्च सुमारें सवापांच अमेरिकन डॉलर एवढाच होता. हा वृत्तांत १९९९ च्या डिसेंबरांत प्रसिद्ध झाला. २००९ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें व युनिसेफनें नवजात बालकांसाठीं घरभेटींची शिफारस केली, आणि २०११ सालापासून भारत सरकारनें ‘आशा’ कार्यकर्त्रींकडून हें काम देशभर सुरू केलें. घरीं जन्मलेल्या मुलास ४२ दिवसांत सात भेटी व रुग्णालयांत जन्मलेल्यास सहा, असा तो नियम आहे.

हें ऐकून कोणी म्हणेल, मग प्रश्न सुटलाच. सरकारनें काम हातीं घेतलें, आतां आम्हांकडे मागणी कशाला? या आक्षेपाचें उत्तर व्यापारी मंडळींस सहज समजेल. दुकान मांडणें निराळें आणि दुकान चालविणें निराळें. २ ऑक्टोबर १९७७ रोजीं सरकारनें गांवोगांव आरोग्यरक्षक नेमण्याची योजना काढली. तीन महिन्यांचें शिक्षण, दरमहा ५० रुपये मानधन आणि औषधांची पेटी, असें तिचें स्वरूप होतें. पहिल्या भरतींत बहुतेक पुरुषच घेतले गेले. बाळंतिणीच्या खोलींत ते जाणार कसे? पुढें पेटींतील औषधें संपलीं, तीं वेळेवर भरून येईनात. शिकविलेलें विसरलें, त्याची उजळणी होईना. आणि ती योजना हळूहळू सुकून गेली. जामखेडास व गडचिरोलीस जें टिकलें, तें शिक्षण संपलें असें कधींच न मानल्यामुळें टिकलें.

२००५ सालीं ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर ‘आशा’ आल्या. साधारणपणें हजार वस्तीमागें एक, आणि आदिवासी भागांत पाडेनिहाय एक, असा नियम ठरला. २०२२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें त्यांचा गौरव केला. परंतु ही बाई कागदोपत्रीं नोकर नव्हे, स्वयंसेविका गणली जाते. तिला पगार नाहीं, कामागणिक मोबदला व मानधन आहे. २०२३ सालच्या उत्तरार्धांत महाराष्ट्रांतील आशांस मानधनासाठीं संप करावा लागला, हें आपण वर्तमानपत्रांत वाचलें असेल. आतां तिच्या गांवीं दुष्काळ पडला असें समजा. तिच्या घरचा हांडाही रिकामा, तिचेंही शेत करपलेलें. शिक्षणासाठीं चार दिवस तालुक्यास जावयाचें, तर चार दिवसांची मजुरी बुडते. ज्या वर्षीं तिची सर्वांत अधिक गरज, त्याच वर्षीं तिला काम सोडून खडी फोडावयास जावें लागतें. येथें दुष्काळनिधीनें हात दिला पाहिजे, असें माझें म्हणणें आहे.

हा हात कसा द्यावा, हेंही सांगतों. पहिली गोष्ट निवडीची. बाई त्याच पाड्यावरची, तीच बोली बोलणारी असावी. गडचिरोलींत माडिया, मेळघाटांत कोरकू, नंदुरबाराकडे भिली व पावरी बोलणाऱ्या बायका आहेत. त्यांचें दुखणें त्यांच्याच शब्दांत ऐकणारी पाहिजे. निवड पाड्यावरील बायांनीं करावी; गांवांतील वजनदार माणसाच्या शिफारशीवर ती सोडूं नये. दुसरी गोष्ट, शिक्षणाच्या दिवसांची बुडालेली मजुरी व प्रवासखर्च तिला रोख मिळावा. तिसरी, वजनकांटा, तापमापक, श्वास मोजण्याचें साधन, साबण, मीठ-साखरेच्या पुड्या व ठरलेलीं औषधें यांची पेटी महिन्याचे महिन्यास भरून यावी. चौथी, एखादी अनुभवी परिचारिका किंवा पर्यवेक्षिका पंधरा दिवसांनीं तिच्या पाड्यावर जावी, तिची वही पाहावी, चुकलें असेल तें तेथेंच दाखवावें. पांचवी, तिच्या हाताबाहेर गेलेला रोगी ज्या दवाखान्यांत पोंचवावयाचा, त्या दवाखान्यानें तिचा शब्द मानून रोग्यास आंत घ्यावें. ती डॉक्टरची जागा घेणारी नव्हे. डॉक्टर व पाडा यांमधलें अंतर कमी करणारी आहे. सुई, औषध व त्यांची मात्रा हीं डॉक्टरांच्या देखरेखीखालींच राहिलीं पाहिजेत. नाहींतर आपण तिला विद्या दिली नसून तिच्या हातीं धोका दिला, असें होईल.

इमारतीविषयीं एक शब्द बोलल्यावांचून राहवत नाहीं. दानाची पाटी भिंतीवर बसवितां येते. बाईच्या शिक्षणावर ती बसवितां येत नाहीं. म्हणून रुग्णालयाच्या खोलीस देणगी मिळते, पण त्या खोलीपर्यंत रोग्यास वेळेवर पाठविणाऱ्या बाईस ती मिळत नाहीं. रुग्णालयें नकोत असें मी म्हणत नाहीं, तीं पाहिजेतच. परंतु दंतेश्वरीच्या झोंपड्यांनीं एक गोष्ट दाखवून दिली आहे, कीं रोग्यास विश्वास वाटेल तेंच रुग्णालय. आणि तो विश्वास पाड्यावरच्या बाईच्या तोंडून उत्पन्न होतो.

आपण देवघेवीचे व्यवहार करणारी माणसें आहां. धान्याचें पोतें वांटलें, तर तें त्या महिन्यांत एक जीव तगवितें. तें दिलेंच पाहिजे. पण बाईस शिकविलेली विद्या हें भांडवल आहे. पाऊस पडला, छावण्या उठल्या, मंडळाचा हिशेब बंद झाला, तरी पुढच्या बाळंतपणास ती बाई हजर असते. पुढच्या पावसाळ्यांतील हगवणीस ती हजर असते. आणि दहा वर्षांनीं पुन्हा दुष्काळ आला, तर त्याला तोंड देणारें माणूस गांवांत आधींच तयार असतें. भांडवल वाढतें तें त्याच्याकडे लक्ष दिलें तरच, हें आपणांस मीं सांगावयास नको.

म्हणून माझी विनंती अशी आहे. दुष्काळनिधीस आपण जी वर्गणी द्याल, तिचा दहावा हिस्सा या कामासाठीं आहे, असें आपल्या हातानें पावतीवर लिहून द्यावें. ज्यांच्या शेतावर किंवा पेढीवर आदिवासी मजूर कामास येतात, त्यांनीं त्यांच्या पाड्यावर आशा आहे काय, तिच्या पेटींत औषध आहे काय, एवढी चौकशी करावी. आणि पुढील वर्षीं मंडळाचा अहवाल हातीं येईल, तेव्हां किती पोतीं वांटलीं हें पाहून झाल्यावर, किती बायका शिकल्या, किती जणींची उजळणी झाली आणि त्यांच्या पाड्यांवर किती मुलें जन्मलीं व किती जगलीं, हे आंकडेही आपण कार्यवाहांस विचारावे. दाता विचारतो, तेव्हां हिशेब ठेवला जातो.